‘ऑपरेशन होत नाही’ असं सांगण्याआधी: ब्रेनस्टेमची गाठ असलेल्या मुलांसाठी एक खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलाचा एमआरआय झाला. ब्रेनस्टेममध्ये गाठ दिसते, असं रिपोर्टात आलं. ज्या डॉक्टरांनी तो वाचला, त्यांनी वडिलांना सांगितलं, “इथली गाठ काढता येत नाही. मुंबई-पुण्याला नेऊन पैसे घालवू नका. घरी न्या, जे मागेल ते खाऊ घाला.” माझी मुलगी दुसरीत असताना तिच्याबद्दल मला जवळजवळ याच शब्दांत सांगण्यात आलं होतं. ती आज सहावीत आहे, आणि गाठ काढून झालेली आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डॉक्टर नाही. या पत्रात आजाराबद्दल जे लिहिलं आहे ते मुलीच्या आजारपणात शिकले आणि तिच्या डॉक्टरांना विचारून विचारून पक्कं केलं. पत्र आपणा दोघांच्या नावे आहे, कारण गावपातळीवरची तपासणी आणि जिल्हा रुग्णालयं एका खात्याकडे, तर न्यूरोसर्जरी जिथं होते ती वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या खात्याकडे. आमची मुलं अडकतात ती या दोन खात्यांच्या मधल्या वाटेवर.

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा, अंगठ्याएवढ्या जाडीचा भाग. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, जागं राहणं यांचा कारभार इथून चालतो. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी दहा जोड्यांची केंद्रं इथं आहेत. डोळे हलवणारी, चेहरा हलवणारी, जीभ आणि घसा चालवणारी. हातापायांकडे जाणारा प्रत्येक संदेश याच चिंचोळ्या जागेतून जातो. तिथं हत्यार लावायला सर्जन कचरतात याचं मला नवल वाटत नाही, रागही येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. गाठ कुठे आहे एवढंच पाहून निकाल दिला जातो. ती कशी आहे, हे पाहणाऱ्या माणसापर्यंत मूल पोहोचतच नाही.

ब्रेनस्टेमच्या सगळ्या गाठी एका जातीच्या नसतात. हे काही कालपरवा कळलेलं नाही. १९८० च्या दशकात, सीटी आणि पुढे एमआरआय हाताशी आल्यावर, न्यू यॉर्कच्या फ्रेड एप्स्टाइन यांच्यासारख्या मुलांच्या न्यूरोसर्जननी या गाठींचे प्रकार वेगळे केले आणि त्यांतल्या काहींची ऑपरेशनं करून दाखवली. पॉन्स या मधल्या भागात सगळीकडे पसरलेली गाठ हा एक प्रकार. लहान मुलांत तोच सर्वांत जास्त, साधारण चारांपैकी तीन मुलांमध्ये. ती गाठ चांगल्या पेशींच्या अधेमधे शिरलेली असते, तिला कड नसते, म्हणून ती कापून काढता येत नाही. हे जगभर मान्य आहे आणि त्यावर माझा वाद नाही.

पण राहिलेल्या मुलांचं काय? कुणाची गाठ एका जागी गोळा झालेली असते. कुणाची ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने बाहेर पडून चौथ्या पोकळीत, म्हणजे मेंदूतलं पाणी जिथून वाहतं तिथं, वाढलेली असते. या गाठी बहुतेक वेळा सावकाश वाढणाऱ्या असतात आणि त्यांचं ऑपरेशन होतं. कुणाची मिडब्रेन या ब्रेनस्टेमच्या वरच्या भागाच्या मागे छोटीशी असते आणि वर्षानुवर्षं तेवढीच राहते. तिच्यामुळे पाणी तुंबतं, त्याला दुर्बिणीतून वाट करून दिली की मूल पुन्हा शाळेत जातं, गाठीला हात लावायची वेळही सहसा येत नाही. कुणाची ती गाठच नसते, रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. त्याला कॅव्हर्नोमा म्हणतात. तो वारंवार फुटत असेल आणि पृष्ठभागाजवळ आला असेल, तर तोही काढता येतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, म्हणजे नसांवर गाठी येण्याचा जनुकीय आजार, असलेल्या मुलांच्या ब्रेनस्टेममधल्या बदलांवर तर अनेकदा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. आणि आपल्या देशात एक शक्यता कुणीच विसरू नये: क्षयाची गाठ. मेंदूतला टीबी ब्रेनस्टेममध्येही होतो, चित्रात तो ट्यूमरसारखा दिसू शकतो, आणि त्यावरची औषधं सरकार स्वतः फुकट देतं. असं एखादं मूल ‘आता काही होत नाही’ म्हणून घरी पाठवलं गेलं, तर त्याला काय म्हणायचं?

माझ्या मुलीचं निदान कसं झालं ते थोडं सविस्तर सांगते, कारण ज्या जागी वेळ गेला त्या जागा अजून तशाच आहेत.

ती वाचताना मान एका बाजूला कलती करायला लागली. मग डावा डोळा नाकाकडे वळलेला दिसू लागला. चष्मा लागला. सकाळी उठल्याबरोबर उलटी व्हायची आणि उलटी झाल्यावर डोकं दुखायचं थांबायचं. त्यावर ॲसिडिटीचं औषध झालं, जंताचं झालं. पुढे ती चालताना भिंतीला हात लावू लागली. तेव्हा सीटी स्कॅन झाला आणि तो ‘नॉर्मल’ आला. त्या कागदाने आम्हाला सर्वांत जास्त मागे नेलं. कवटीच्या मागच्या खालच्या भागात हाडं जाड असतात, सीटीच्या चित्रात तिथं पट्टे उमटतात आणि ब्रेनस्टेम नीट दिसत नाही. लहानशी गाठ त्यात सहज हरवते. हे मला फार नंतर, एका रेडिओलॉजिस्टनी समजावलं. ज्या मुलाचा डोळा नव्याने वळतो आणि तोल जातो, त्याचा सीटी स्वच्छ आला म्हणून विषय संपत नाही. एमआरआयच लागतो, तोही काँट्रास्ट, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध, देऊन.

एमआरआयला पुन्हा वेगळी अडचण. मशीनमध्ये अर्धा-पाऊण तास निपचित पडून राहणं सात वर्षांच्या मुलाला जमत नाही. भूल द्यावी लागते. मशीन होतं, मुलांना भूल देणारा माणूस नव्हता. “शहाणी आहे, पडून राहील,” असं म्हणून दोनदा आत घातली आणि दोन्ही वेळा चित्रं हललेली आली.

शेवटी ओळखीतून मुंबईच्या एका न्यूरोसर्जनपर्यंत पोहोचलो. त्यांनी सीडी संगणकात घातली, उभ्या छेदाचं चित्र काढलं आणि माऊसचा बाण फिरवत म्हणाले, “ताई, हे बघा. पॉन्स इथं आहे आणि त्याचा आकार धड आहे. गाठ मागून निघून या पोकळीत वाढलीय. पोकळीतली काढता येईल. जिथं ती चिकटलीय तिथला पातळ थर मी सोडून देईन, तिथं मी जाणार नाही.” एवढंच. पाच मिनिटांत त्यांनी जे पाहिलं, ते त्यांच्याआधी कुणी पाहिलं नव्हतं, कारण आधीच्यांनी कागदावरचा रिपोर्ट वाचला होता.

ऑपरेशनच्या वेळी चेहऱ्याच्या, जिभेच्या आणि घशाच्या स्नायूंत बारीक सुया बसवून नसांचे संदेश सतत तपासले जात होते. संदेश कमी झाला की सर्जन थांबायचे. गाठ सौम्य निघाली, पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा. पुढचे दिवस सोपे नव्हते. तिला गिळता येत नव्हतं, नाकातून नळी होती. स्पीच थेरपिस्टबाईंनी पहिल्यांदा घट्ट केलेलं पाणी चमचाभर दिलं तेव्हा दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली होती, घोट उतरताना कंठ वर उचलला जातो की नाही हे पाहायला. त्या दोन बोटांचं महत्त्व मला तिथं कळलं. जिल्ह्याला परतल्यावर ते काम करणारं कुणी नव्हतं.

आता माझ्या तक्रारी आणि मागण्या. त्या एकत्रच मांडते.

लक्षणं ओळखण्यापासून सुरुवात करा. नव्याने वळलेला डोळा, दोन-दोन दिसणं, तोंड एका बाजूला जाणं, सकाळची उलटी, तोल जाणं, पाण्याचा ठसका लागणं, आवाज नाकात येणं. यातली दोन एकत्र दिसली तर मूल थेट बालरोगतज्ज्ञांकडे गेलं पाहिजे. ब्रिटनमध्ये २०११ साली ‘हेडस्मार्ट’ नावाची मोहीम सुरू झाली. तिने पालकांच्या आणि डॉक्टरांच्या हाती लक्षणांची छोटी कार्डं दिली. मुलांच्या मेंदूच्या गाठींचं निदान व्हायला तिथं पूर्वी सुमारे १४ आठवडे लागायचे, ते काही वर्षांत ७ आठवड्यांच्या आत आले. कार्डं छापायला कोट्यवधी लागत नाहीत. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत आणि अंगणवाड्यांत जातात. एवढी मोठी यंत्रणा गावोगाव फिरते आहे, तिच्या हातात हे कार्ड द्या. आशाताईंना द्या, आम्हा शिक्षकांना द्या. चष्म्याच्या दुकानदारांनाही द्या. वळलेला डोळा घेऊन लोक आधी तिथंच जातात.

दुसरं, एमआरआय. अशी लक्षणं असलेल्या मुलाचा काँट्रास्टसह एमआरआय ठरावीक मुदतीत आणि मोफत व्हावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्याचा हजारो घरांना आधार आहे, हे मी मनापासून मान्य करते. पण मंजुरीसाठी निदानाचे कागद लागतात, आणि निदानाआधीचा खर्च, जो माणसाला आधीच कर्जात टाकतो, तो बापाच्या खिशातून जातो. तो खर्च योजनेत धरा. ज्या जिल्ह्यात मशीन आहे तिथं आठवड्यातला एक दिवस मुलांसाठी भूलतज्ज्ञासह राखून ठेवा. आणि प्रत्येक रुग्णाला चित्रांची डिजिटल प्रत द्यायची सक्ती करा. आमच्या शाळेतल्या मुलाच्या वडिलांना फक्त फिल्म आणि कागद दिला आहे. त्या फिल्मवर दुसरं मत कोण देणार?

तिसरी मागणी या पत्राचा गाभा आहे. ब्रेनस्टेमची गाठ असलेल्या कोणत्याही मुलाला, मुलांच्या न्यूरोसर्जनसह बसणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने चित्रं पाहिल्याशिवाय, ‘ऑपरेशन होत नाही’ असं सांगितलं जाऊ नये. मंडळात न्यूरोसर्जन, न्यूरोरेडिओलॉजिस्ट, रेडिएशनचे डॉक्टर, मुलांच्या कर्करोगाचे डॉक्टर असावेत. ते ऑनलाइन भरवता येतं. टाटा मेमोरियलच्या पुढाकारातून २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यात अशी ऑनलाइन ट्यूमर बोर्डं, म्हणजे तज्ज्ञ मंडळं, चालतात, म्हणजे नमुना मुंबईतच तयार आहे. आठवड्यातून एक बैठक, जिल्हा रुग्णालयातून चित्रं पाठवायची सोय, आणि निर्णय लेखी, मराठीत, पालकांच्या हातात. मंडळाने ‘नाही’ म्हटलं तर आम्ही ते स्वीकारू. तो ‘नाही’ पूर्ण पाहून आलेला असेल.

ऑपरेशनांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण लोकप्रतिनिधींना नेमकं उलटं आश्वासन द्यायला आवडतं. प्रत्येक जिल्ह्यात ब्रेनस्टेमचं ऑपरेशन व्हावं, अशी माझी मागणी नाही. कुणी मागितलं तरी देऊ नका. वर्षातून एखादं असं ऑपरेशन करणाऱ्या ठिकाणी मी माझं मूल कधीच नेणार नाही. राज्यात तीन-चार केंद्रं ठरवा, सगळी मुलं तिथं पाठवा, आणि त्या केंद्रांना ऑपरेशनच्या वेळचं नसांचं मॉनिटरिंग, सर्जनला मेंदूतली नेमकी जागा दाखवणारं नेव्हिगेशन, मुलांचा आयसीयू, व्हेंटिलेटर आणि रात्रीचा भूलतज्ज्ञ पूर्णपणे द्या. पॅकेजची रक्कम ठरवताना मॉनिटरिंगचा आणि लांबणाऱ्या आयसीयूचा खर्च वेगळा धरा. या ऑपरेशनांत मूल आठवडाभर व्हेंटिलेटरवर राहणं म्हणजे काही अघटित नव्हे.

आता त्या चारांतल्या तीन मुलांबद्दल. माझ्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर विदर्भातला एक सहा वर्षांचा मुलगा होता. पॉन्सभर पसरलेली गाठ. या आजारात निदानानंतर निम्म्याहून अधिक मुलं वर्षभरात जातात आणि दोन वर्षांनंतर दहांत एखादंच राहतं. रेडिएशनने काही महिने बरे जातात. त्याचे वडील हमाली करायचे. दीड महिना रोज रेडिएशनला आणायचं म्हणजे दीड महिन्याची मजुरी गेली. नेहमीची पद्धत ५४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), ३० बैठका. कैरोच्या मुलांच्या कर्करोग रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ७१ मुलांवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३ बैठकांत ३९ ग्रे देऊनही जगण्याचा काळ जवळपास तेवढाच आला, आणि पुढच्या मोठ्या अभ्यासानेही त्याला दुजोरा दिला. कोणत्या मुलाला कोणती पद्धत हे डॉक्टरच ठरवतील. पण गावाकडच्या कुटुंबांना हा पर्याय निदान सांगितला जावा, आणि जितके आठवडे लागतील तितके राहण्या-जेवण्याची सोय व्हावी.

या मुलांची बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेणं, करायची की नाही, यावरही सरकारने तज्ज्ञांकडून स्पष्ट धोरण घ्यावं. १९९३ नंतर जगात असं ठरत गेलं की एमआरआयमध्ये नेहमीचं चित्र असेल तर तुकडा घ्यायची गरज नाही, कारण उपचार बदलणार नाहीत. परिणाम असा की वर्षानुवर्षं या गाठीचे नमुनेच संशोधकांकडे नव्हते. पॅरिसच्या नेकर रुग्णालयातल्या सर्जननी सुईने तुकडा घेणं बऱ्यापैकी सुरक्षित असतं हे दाखवलं. २०१२ साली या गाठींमधला एच३ के२७एम हा जनुकीय बदल सापडला आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेने या गाठींचं वर्गीकरणच त्यावर बसवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, हा बदल असलेल्या आणि उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला मंजुरी दिली. त्याने आजार बरा होत नाही. ज्या ५० रुग्णांच्या आधारे ती मंजुरी मिळाली, त्यांतल्या साधारण पाचात एकाची गाठ आकसली. पण ‘तुकडा घेऊन काय बदलणार?’ या प्रश्नाला आता थोडं तरी उत्तर आहे. बदल आहे की नाही हे तपासण्याची सोय सरकारी महाविद्यालयांत करा, आणि अशा औषधांच्या चाचण्या भारतात होत असतील तिथं आमच्या मुलांची नावं पोहोचवा.

तो मुलगा घरी गेला तेव्हा स्टेरॉइडमुळे त्याचा चेहरा फुगलेला होता, रात्री दोनला उठून भात मागायचा. गोळ्या संपल्या आणि तालुक्याला मिळाल्या नाहीत. त्या हळूहळू कमी करायच्या असतात, एकदम थांबवायच्या नसतात, हे त्याच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत उलट्या सुरू झाल्या, शुद्ध हरपू लागली. तिने मला फोन केला. मी शिक्षिका, मी काय सांगणार? गाठ बरी होत नाही म्हणून मुलाचं दुखणं, ठसका, भीती यांवर उपचार नाहीत असं होत नाही. २०१४ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळणं सोपं व्हायला हवं होतं. प्रत्येक जिल्ह्यात एक तरी डॉक्टर आणि एक परिचारिका अशी असू द्या जी मॉर्फिन देऊ शकेल, नळीतून भरवायला शिकवेल, आणि रात्री फोन उचलेल.

ऑपरेशन झालेल्या मुलांसाठी जिल्ह्याला गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम घेणारा माणूस द्या. डोळा पूर्ण मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून जखम होते, ते सांभाळायला शिकवणारं कुणी हवं. माझ्या मुलीचा चेहरा हसताना अजून थोडा एका बाजूला जातो आणि तिला ते आवडत नाही. दर वर्षीचा एमआरआय आहेच. त्या सगळ्या खर्चाचा विचार ‘डिस्चार्ज’च्या दिवशी थांबू नये.

शेवटी, राज्यातल्या अशा प्रत्येक मुलाची नोंद ठेवा: लक्षण कधी दिसलं, एमआरआय कधी झाला, मंडळाने काय ठरवलं, पुढे काय झालं. आज हा हिशोब कुणी मागितला तर आपल्यापैकी कोण देऊ शकेल?

या पत्राला दोन्ही खात्यांकडून लेखी उत्तर मिळावं अशी विनंती आहे: कोणती मागणी मान्य, कोणती नाही, आणि नाही तर का. लक्षणांच्या कार्डाचा मराठी मजकूर मी आणि आमच्या केंद्रातल्या शिक्षकांनी तयार करून सोबत जोडला आहे. आपल्या तज्ज्ञांकडून तो तपासून घ्या, चुका असतील त्या दुरुस्त करा, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी छापा.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका आणि आई